चार-पंधरा

चार मिनिटं पंधरा सेकंद, एका किलोमीटरला.
असे बेचाळीस,
आणि वरचे दोनशे मीटर, जे सरावात कोणीच मोजत नाही.
तीन तासांतून उरतात चाळीस सेकंद.
तेवढ्यात नाडी सुटली तर बांधायची,
पाणी सांडलं तर सांडू द्यायचं.

गेल्या वर्षी सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली
पाय कोणाचे तरी उसने आणल्यासारखे हलके होते.
तीन-अठ्ठावन्न. तीन-पंचावन्न.
वाटलं, कमाई होते आहे.
चौतिसाव्याला, छत्रपती चौकात,
मेट्रोच्या खांबाला धरून उभा राहिलो.
खांबाचा नंबर अजून पाठ आहे.
संत्र्यांची टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली,
"बसून घे ना बाप्पा, कोण पाहून राह्यलं?"

मग उईके सर. अजनी शेडचे रिटायर्ड फिटर,
गुडघे गेलेले, स्टॉपवॉच शाबूत.
"मालगाडी चालवतोस ना बे तू?
अठ्ठावन्न डबे घेऊन निघताना
पहिल्याच मिनिटाला आठवा नॉच लावतोस काय?"
नाही लावत.
एकेक कपलिंग ताणू देतो.
शेवटचा डबा हलल्याची खबर
पाठीच्या मणक्यातून येते, तेव्हा पुढचा नॉच.
"मग सोताच्या पायाशी काहून दुश्मनी?"

सोळा आठवडे.
बल्लारशाहहून रात्रपाळी उतरवून आलो
की झोपेच्या आधी फुटाळा,
सेमिनरी हिल्सचा चढ सहा वेळा,
उतारावर सरांची शिट्टी: हळू, हळू, हळू.
पळायला कोणीही शिकवेल.
हा माणूस मला थांबून धरायला शिकवत होता.
बत्तीस किलोमीटरच्या रविवारी
तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोरून श्वास रोखून गेलो,
तो एकच किलोमीटर वेळेआधी झाला.

आज रात्री फरशीवर सगळं मांडलंय,
जणू कोणी आडवा झाला आणि विरघळून गेला:
बनियन, चड्डी, मोजे, जुनेच बूट.
चार सेफ्टी पिना. बिब अकराशे सत्त्याऐंशी.
काखेसाठी व्हॅसलीन.
नखं परवाच कापली. आदल्या दिवशी कापू नयेत
असं सर म्हणतात, कारण सांगत नाहीत.
वरण-भात खाल्ला, मीठ जरा वर.
शेजारून आलेला सावजीचा डबा
मंजूषाने फ्रीजमध्ये पार मागे लपवला.
मला दिसला. तिला माहीत आहे मला दिसला.

डाव्या हातावर बॉलपेनने लिहिलं:
दहा, बेचाळीस-पन्नास.
अर्धं, एक-तीस.
तीस, दोन-सात-पंचेचाळीस.
त्यापुढे काही लिहिलं नाही.
तिथे वाचता येत नाही.

झोप आली नाही. सर म्हणाले होते येणार नाही,
परवाची पुरते.
साडेतीनला चहा, एक केळं, दोनदा संडास.
अंगात फेकून द्यायचा स्वेटर, आठ डिग्री,
ऑटोवाला विचारतो, "इतक्या सकाळी कोणती गाडी?"
काय सांगू.

कस्तुरचंद पार्क. अंधारात शेकडो घड्याळं
एकाच वेळी हिरवी होतात.
कोणी जांभई देतो, कोणी देवाचं नाव घेतो,
माझ्या शेजारचा पोरगा नवे कोरे बूट घालून उड्या मारतोय.
सांगावंसं वाटतं. सांगत नाही.
स्वेटर कुंपणावर टाकला, आईने विणलेला नाही, बर्डीवरचा आहे,
तरी एकदा वळून पाहिलं.

बार उडाला.
पोरगा गेला. ती पिवळ्या टोपीवाली गेली.
"काका, साइड द्या" म्हणत एक पूर्ण कंपनी गेली, एकसारख्या टीशर्टांची.
माझ्यापेक्षा पोट मोठं असलेला एक जण
हसत, बोलत, फोटो काढत गेला.
मांड्या विचारतात, आता? आता?
नाही म्हणतो. पहिल्यांदाच त्या ऐकतात.

घड्याळ थरथरलं. पहिला किलोमीटर: चार-बावीस.
सात सेकंदांचं कर्ज, ठरवून काढलेलं.
रस्ता रिकामा होत चाललाय, श्वास नाकातूनच,
आणि मागे, खूप मागे कुठेतरी,
शेवटचा डबा आत्ता हलला.